यवनाच्या दोन पोढ्या

नेरूळ आणि नेरळ ही दोन नावे बाहेरगावच्या माणसाला हमखास गोंधळात टाकतात. नेरूळला येणारा पाहुणा कर्जतच्या गाडीत बसून नेरळला उतरला आणि तिथून त्याने दूरध्वनी केला, असे आमच्या घरी एकदा नव्हे, दोनदा घडले आहे. एका अक्षराच्या या फरकात विश्रांतीचा एक जुना संकेत दडलेला आहे. नेरळ हे थंड हवेच्या ठिकाणाचे दार. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली माथेरानचा डोंगर साहेबांच्या नजरेस आणून दिला आणि १९०७ पासून नेरळहून छोटी आगगाडी वर जाऊ लागली. नेरूळ मात्र आगरी-कोळ्यांचे खाडीकाठचे गाव. शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे या शेजारगावांसह ते १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या आराखड्यात आले आणि १९९३ साली तिथे लोकल पोहोचली. एका गावाकडे लोक दमून येतात, दुसऱ्या गावातून लोक दमून बाहेर पडतात. आम्ही दुसऱ्या गावचे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चार स्नेही शनिवार-रविवार गाठून बाहेर पडलो, ते मात्र माथेरानला नव्हे. एका मित्राचा आग्रह होता की द्राक्षांच्या हंगामात द्राक्षांच्याच गावी जावे, मळ्यात मुक्काम करावा, संध्याकाळी डोंगराकडे तोंड करून बसावे आणि पेल्यात थोडी वाइन असावी. युरोपातल्या लोकांना जे सुख सहज लाभते ते आपल्याला दीडशे किलोमीटरांवर मिळत असेल तर का सोडावे, असा त्याचा सवाल होता. नाशिकला गर्दी फार, म्हणून जुन्नर-नारायणगाव ठरले. मी होकार दिला तो खरे तर नाणेघाटासाठी. या दोन दिवसांत जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जुने वाचलेले जे पुन्हा आठवले, त्याची ही मांडणी आहे. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. डोंगरातल्या द्राक्षाच्या गावी जाऊन विश्रांती घेणे ही गोष्ट आपण उसनी, नवी आणि काहीशी चैनीची मानतो. तिला या भूमीत किती जुनी मुळे आहेत आणि त्या मुळांना पाणी कोण घालत आले, एवढेच येथे पाहायचे आहे.

प्रथम शनिवार-रविवारविषयी. 'वीकएंड' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, परंतु महाराष्ट्रातली रविवारची सुट्टी साहेबाने सहजी दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा भरवून ही मागणी लावून धरली आणि १८९० साली ती गिरणीमालकांनी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कुळाचार करायला माणूस मोकळा हवा, असेही त्या मागणीच्या समर्थनार्थ मांडले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. म्हणजे आपण ज्या दिवशी गाडी काढून घाट चढतो, तो दिवस यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाने मिळवलेला आहे. विश्रांतीचा इतिहास लिहायचा तर तो श्रमाच्या इतिहासापासूनच सुरू करावा लागतो. ही गोष्ट पुढे पुन्हा भेटेल.

महापे, शिळफाटा, कल्याण, मुरबाड अशी वाट आम्ही धरली. मुरबाड मागे पडले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि वैशाखरे गावाजवळ उजवीकडे नानाचा अंगठा म्हणतात तो सुळका दिसू लागतो. मोटारीचा रस्ता माळशेज घाटाने वर जातो. जुना रस्ता त्या अंगठ्याच्या शेजारून, कातळात खोदलेल्या नाळेतून चढतो. तो नाणेघाट. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, आणि कोकणातली कल्याण, शूर्पारक ही बंदरे यांना जोडणारी ही वाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातकर्णीची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापण यांचे ते मोठमोठे आकडे वाचताना आपण धर्मकृत्याची नोंद वाचतो आहोत की जमाखर्चाची वही, असा प्रश्न पडतो. अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला जे महत्त्व आहे ते या आकड्यांमुळेच. राजघराण्यातल्या व्यक्तींच्या तिथल्या मूर्ती नष्ट झाल्या असून त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. बाहेर माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, अशी लोकसमजूत आहे.

या वाटेने वर काय जात असेल? एका अनामिक ग्रीकभाषी नाविकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेले 'पेरिप्लस' हे सागरी व्यापाराचे टिपण अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी मद्यापासून सुरू होते. इटलीतले मद्य सर्वांत पसंतीचे, त्याखेरीज लाओडिकिया आणि अरबस्तान येथले. शिवाय राजासाठी म्हणून जी खास नजराण्याची यादी आहे, तिच्यात चांदीची भांडी, गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली यांच्यासोबत उंची मद्यही आहे. या यादीतली माणसे आणि वस्तू एकाच रांगेत उभ्या आहेत, हे वाचकाने विसरू नये. कल्याणचा उल्लेखही त्यात येतो, पण खंत व्यक्त केल्यासारखा. पूर्वी हे राजमान्य व्यापारपेठेचे ठिकाण होते. पुढे तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून तिकडे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो नाविक सांगतो. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या संघर्षाची ही छाया आहे, असे इतिहासकार मानतात.

पुस्तकातल्या या मद्याला मातीचा पुरावाही आहे. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन झाले, तेव्हा भूमध्य समुद्राकडून आलेल्या, दोन कानांच्या उंच कुंभांचे तुकडे तिथे सापडले. अशा कुंभांतून मद्य, तेल, माशांचे आंबवण असे पदार्थ जहाजांवर चढत. ज्या नेवाशाला पुढे बाराव्या-तेराव्या शतकांच्या परंपरेतून येऊन ज्ञानदेवांनी गीतेवरचे निरूपण सांगितले, त्याच प्रवरेच्या काठी हजार-बाराशे वर्षे आधी कुणीतरी इटलीकडच्या कुंभाचे बूच फोडले होते, ही कल्पना मराठीच्या विद्यार्थ्याला क्षणभर थांबवणारी आहे. आमच्या नेरूळहून तर हा पुरावा आणखी जवळ आहे. खाडीच्या मुखाशी असलेल्या घारापुरी बेटावर अशा परदेशी कुंभांची खापरे मोठ्या प्रमाणात मिळाली आहेत. मात्र येथे एक खुलासा आवश्यक आहे. पश्चिम भारतातली अशी खापरे पूर्वी सरसकट 'रोमन' म्हणून नोंदली गेली. रोबर्टा टोम्बर या संशोधिकेने ती पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीच खापरे इराक-इराणकडच्या, आतून डांबर लावलेल्या निमुळत्या रांजणांची निघाली. म्हणजे आपल्याकडे येणारे मद्य केवळ रोमचे नव्हते आणि त्याचा ओघ रोमच्या वैभवाबरोबर आटलाही नाही. इतिहासात एका सुंदर कथेवर फार लवकर भाळू नये, हा धडा त्या खापरांनी दिला आहे.

तरीही एक गोष्ट निश्चित राहते. त्या काळी द्राक्षाचे मद्य समुद्रावरून येत होते आणि पठारावर चढत होते. आज ते पठारावर तयार होते आणि समुद्रकाठचा माणूस त्याच्या शोधात घाट चढतो. वाट तीच, ओघ मात्र उलटा.

जुन्नरला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज तिथल्याच एका विहारात विराजमान झाला आहे, त्यामुळे लेण्याद्रीला गर्दी असते, बाकीच्या डोंगरांवर शांतता. 'विहार' हा शब्द मराठीत आपण दोन अर्थांनी वापरतो. एक भिक्षूंचे निवासस्थान, दुसरा मौजेने हिंडणे. संस्कृतात मूळ कल्पना हिंडण्याची, काळ व्यतीत करण्याची. वर्षभर हिंडणारे भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत, तो वर्षावास. त्या मुक्कामासाठी डोंगरात कोरलेली जागा तीही विहारच ठरली. हिंडण्याचा शब्द थांबण्याच्या जागेला मिळाला. शहरापासून दूर, डोंगराच्या कुशीत, पाण्याच्या जवळ, काही दिवस थांबणे या कल्पनेचा आपल्याकडचा सर्वांत जुना वास्तुरूप पुरावा याच डोंगरांत आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अर्थात त्या थांबण्यात करमणूक नव्हती, आणि मद्य तर नव्हतेच. पंचशीलांतले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे.

आणि याच ठिकाणी तो प्रसंग घडतो, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दाने नोंदवणारे तीन छोटे लेख आहेत. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने गाभाऱ्याचे दार दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. प्राकृत लेखांतला हा शब्द लेण्यांच्या अभ्यासकांनी मराठीत जिवंत ठेवला आहे. इरिल आणि चिट यांच्या नावांपुढे 'गतांचा' असे काहीसे विशेषण येते. त्याचा अर्थ काय, हे यवन म्हणजे ग्रीक की रोमन साम्राज्यातले कुणी, की यवन म्हणवणारे इथेच रुजलेले लोक, यावर विद्वानांत शतकभर खल चालू आहे. हे लोक मद्याचे व्यापारी होते असे म्हणायलाही आधार नाही. परंतु ज्या वाटेने परदेशी माल वर येत होता, त्याच वाटेवर, त्याच काळाच्या आसपास, दूरदेशीचे नाव धारण करणारा एक माणूस थांबला आणि त्याने पाणी मागे ठेवले, एवढे तरी दगडावर स्पष्ट आहे. ना त्याने स्वतःची मूर्ती उभारली, ना यज्ञांची यादी दिली. एका ओळीत मावेल इतके नाव आणि दोन टाकी पाणी.

मुक्काम नारायणगावच्या अलीकडे एका द्राक्षबागायतदाराकडे होता. २०१८ साली राज्य शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित केला. तेव्हापासून, आणि त्याही आधीपासून, बागेतच दोन-चार खोल्या बांधून पाहुणे उतरवण्याची रीत इथे रुजली आहे. संध्याकाळी ओट्यावर बसलो. मित्राने नाशिककडची एक बाटली सोबत आणली होती, ती निघाली आणि ओघाने गप्पाही वाइनवर आल्या.

नव्या काळातल्या भारतीय वाइनचा इतिहास सांगताना हल्ली लोक नाशिकपासून सुरुवात करतात. सावरगावला गंगापूर धरणाच्या काठी राजीव सामंत यांनी सुरू केलेल्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००५ साली तिथे आस्वादकक्ष उघडला. मळ्यात जाऊन वाइन पिणे हा शनिवार-रविवारचा कार्यक्रम होऊ शकतो, हे मध्यमवर्गाला तिथे कळले, हे खरे. पण त्याच्या दोन दशके आधी, १९८० च्या दशकात, श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला 'शातो इंडाज' उभारली होती. फ्रान्समधल्या शँपेन प्रांतातले तंत्र आणि तज्ज्ञ आणून फेसाळती वाइन इथे तयार झाली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती युरोपात विकली गेली. मीना नदीच्या खोऱ्यातली द्राक्षे, फ्रान्सची रीत आणि इराणच्या कवीचे नाव असा तो संगम होता. २००८ च्या जागतिक मंदीनंतर ही कंपनी कर्जात बुडाली आणि पुढे बंद पडली. त्याच सुमारास राज्यभर वाइनच्या द्राक्षांचे उत्पादन मागणीपेक्षा जास्त झाले आणि अनेकांनी बागा उपटून काढल्या. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. ते कारखान्याने घेतले नाही तर त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. या एका वाक्यात त्या शेतीचे सगळे अर्थकारण येते.

शासनाची भूमिकाही मोठी गमतीची आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही राज्यात लागू आहे. त्याच राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूस येथे वाइन उद्यानांची योजना केली. कायद्याच्या एका कप्प्यात जी दारू, ती दुसऱ्या कप्प्यात शेतमालावरची प्रक्रिया. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा हे दोन कप्पे एकमेकांवर आदळले. वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद एका बाजूने झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आला नाही. या वादात मराठी मन नेमके कुठे अडखळते, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपल्या मध्यमवर्गीय घरात कुठलाही प्याला हा पहिलाच प्याला असतो, आणि प्रत्येक पहिल्या प्याल्याच्या टोकाला सिंधूचे घर उभे असते. माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहताना मलाही ते दिसत होते. ते दिसणे मी मागासलेपण मानत नाही. दारूने घरे बुडालेली आहेत आणि ती बुडताना बायकांनी पाहिली आहेत. परंतु या भीतीपोटी आपण एक जुनी, बारकाईने विचार करणारी परंपरा विसरलो, हेही तितकेच खरे. कौटिल्याने अर्थशास्त्रात मद्याचे प्रकार सांगताना द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि ते ज्या प्रदेशातले, त्यावरून त्याला कापिशायन, हारहूरक अशी नावे आहेत, असे नोंदवले आहे. मद्याला त्याच्या मातीचे नाव देण्याची जी रीत आपण फ्रेंचांची समजतो, ती आपल्याकडे राजनीतीच्या ग्रंथात, तीही मद्याच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, आलेली आहे. आज 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक उपदर्शन मिळाले आहे, ते एका अर्थाने कौटिल्याच्या यादीत पडलेली भर होय.

आमचे यजमान हे सगळे शांतपणे ऐकत होते. ते स्वतः पीत नव्हते. माळकरी होते. मित्राने त्यांना विचारले, 'काका, इतक्या सुंदर ठिकाणी राहता, तुम्हाला वेगळ्या विश्रांतीची गरजच पडत नसेल?' ते हसले आणि म्हणाले, 'आमचं सोडा, या वेलीलाच विश्रांती नाही.'

त्या वाक्याचा अर्थ त्यांनी सकाळी बागेत नेऊन समजावला. थंड देशांत हिवाळा आला की द्राक्षवेलीची पाने गळतात आणि ती चार-पाच महिने झोपते. बर्फ वितळला की जागी होते. आपल्याकडे तशी थंडी नाही. वेलीला झोपच येत नाही. तिला तिच्यावर सोडली तर ती नुसती पाने वाढवत राहील. म्हणून माणसाने कात्रीने तिचे वर्ष पाडायचे. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी. सगळ्या काड्या मुळाशी एक-एक डोळा ठेवून कापायच्या. त्यातून नव्या काड्या येतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत घड आकार घेतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यातून फळ धरते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर औषध लावायचे. ओलांडे, काड्या, घड यांची विरळणी करायची. फळछाटणीनंतर चार महिन्यांच्या आसपास माल उतरतो आणि वेलीला जेमतेम श्वास घ्यायला मिळतो, तोवर पुन्हा एप्रिल. युरोपातली वेल वर्षातून एकदा झोपून एकदा फळते. आपली वेल जागी राहून दोनदा कापून घेते. फळ मात्र एकदाच देते.

आणि हे कापणारे हात कुणाचे? जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, पावसाच्या पट्ट्यात, महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे आहेत. नाणेघाटाच्या माथ्यावरचे घाटघर हे त्यांतलेच एक. तिथे पाऊस भरपूर, पण भाताचे एक पीक निघाले की पुढे काम नाही. पूर्वेला कालव्याच्या पाण्यावर द्राक्ष, टोमॅटो, ऊस. पश्चिमेची माणसे पूर्वेला मजुरीला येतात. ज्या माथ्यावर सातवाहनांनी आपल्या दानांचे आकडे कोरले, त्या माथ्यावरचा माणूस आज घडांची विरळणी करण्यासाठी खाली येतो. आम्ही ज्या दिवशी विश्रांतीला गेलो होतो, तो रविवार होता. बागेत माल उतरवण्याचे काम त्या दिवशीही चालू होते. लोखंडे यांनी गिरणीतल्या माणसाला मिळवून दिलेला रविवार शेतातल्या मजुरापर्यंत अजून पोहोचलेला नाही. माल तयार झाला की वार पाहता येत नाही, हे यजमानांचे म्हणणेही खोटे नव्हते.

नारायणगावाला तर दुसऱ्यांची विश्रांती पिकवण्याची जुनीच सवय आहे. तमाशाची पंढरी म्हणून हे गाव ओळखले जाते. जत्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपारी ठरवतात. शेतकऱ्याला वर्षातून एक रात्र जी करमणूक मिळे, तिचा बाजार इथे भरतो. याच गावचे नाव लावणाऱ्या विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयी सांगितले जाते, की खेळ चालू असताना मध्येच राहुटीत त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. प्रेक्षकांना तो खेळ म्हणजे विश्रांती होती. २००२ साली विठाबाई गेल्या. त्यांच्या वाट्याला विश्रांती किती आली, हे आपण विचारत नाही. द्राक्षवेल आणि विठाबाई यांची तुलना करणे कदाचित भावुकपणाचे ठरेल. परंतु जागे राहून दोनदा कापून घेणारी वेल पाहिल्यावर मला त्यांची आठवण झाली, हे लपवण्याचेही कारण नाही.

रविवारी दुपारी परत निघण्याआधी आम्ही घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर गेलो. कड्यावरून खाली कोकण पसरलेले दिसते. हवा स्वच्छ असती तर समुद्र दिसला असता, असे प्रत्येक जण म्हणतो, तसे आम्हीही म्हणालो. लेण्याच्या तोंडाशी शनिवार-रविवारची मंडळी जमली होती. रांजणाच्या आसपास बाटल्या, वेष्टने आणि कागदी ताटल्या पडल्या होत्या. त्यांतली एक बाटली आमच्या पिशवीतल्या बाटलीसारखीच होती. आम्ही आमची परत घेऊन चाललो होतो, याचे मला क्षणभर समाधान वाटले आणि लगेच त्या समाधानाची लाजही वाटली. आपला कचरा आपण परत नेणे, यालाच आपण आता दान समजू लागलो आहोत.

याच माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. घाट चढून आलेला माणूस आणि त्याचे जनावर पहिल्यांदा तिथे पाणी पीत असतील. इरिलने दिलेल्या पोढ्या इथल्या नव्हेत, त्या जुन्नरच्या डोंगरातल्या. पण त्याला टाकेच द्यावे असे का सुचले असेल, हे मला त्या चढावर उभे राहिल्यावर कळल्यासारखे वाटले. तहान लागलेली असतानाच माणसाला पुढच्या माणसाची तहान समजते. ज्यांच्या धर्मात मद्य वर्ज्य, त्या भिक्षूंना दूरच्या नावाचा हा उपासक जे देऊ शकत होता, त्यांत पाण्याहून निर्विवाद असे काही नव्हते. तो या डोंगरात किती दिवस राहिला, काय पीत होता, त्याला इथली हवा मानवली की नाही, यांतले काहीही आपल्याला माहीत नाही. तो आला होता, हे आपल्याला केवळ यासाठी माहीत आहे की त्याने काहीतरी मागे ठेवले.

विश्रांती घेणे हे पाप नाही. ज्या गिरणी कामगारांनी तिच्यासाठी झगडा दिला, त्यांच्या वारसांनी तरी तसे मानू नये. द्राक्षाच्या गावी जाऊन एक पेला वाइन घेण्यातही काही परकेपणा नाही. या वाटेने तो पेला आपल्याआधी दोन हजार वर्षे चढून गेला आहे. प्रश्न एवढाच उरतो, की जिथे आपण दमणूक उतरवून येतो, तिथल्या माणसाच्या दमणुकीचे काय. त्याला रविवार मिळावा, वेलीच्या मालाला दुसरे गिऱ्हाईक मिळावे, घाटघरच्या माणसाला उन्हाळ्यात गावातच पाणी मिळावे, यांतली एकही गोष्ट आम्हा चौघांच्या हातची नव्हती, असे परतीच्या वाटेवर आम्ही एकमेकांना समजावत होतो. इरिललाही कदाचित त्याच्या सोबत्यांनी असेच काही समजावले असेल.

माळशेज उतरताना अंधार पडला. शिळफाट्यापर्यंत आमच्या पुढे-मागे भाजीचे आणि द्राक्षांच्या पेट्यांचे ट्रक होते. ते वाशीच्या घाऊक बाजाराकडे चालले होते. आम्ही त्यांच्यासोबत खाली उतरलो. आमचा शनिवार-रविवार संपला होता आणि त्यांची रात्र सुरू झाली होती.